पडलेली टाकी उभी आहे

काकांचं आणि शहरातल्या त्या एकुलत्या एक वर्तमानपत्राचं भांडण जुनं होतं. रोज सकाळी एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात लाल पेन घेऊन ते अंक वाचायला बसत, आणि चहा संपेपर्यंत पहिलं पान गोवर आल्यासारखं लाल होऊन जाई. एकाच अपघातात पहिल्या पानावर दोन जखमी असत, आतल्या पानावर पाच. ज्या रस्त्याला अजून कुदळ लागली नव्हती त्यावरून वाहतूक सुरळीत सुरू झालेली असे. एकदा तर नव्या पुलाच्या बातमीत जुन्या पुलाचा फोटो होता आणि जुन्या पुलाच्या बातमीत धरणाचा.

"एवढा त्रास होतो तर बंद करा ना तो पेपर," बायको म्हणे.

"बंद केला तर चुका कोण काढणार?" काका विचारत. यावर जगात कोणाकडेच उत्तर नसल्यामुळे पेपर चालू राहिला.

काका नोकरीत असताना विमा कार्यालयात होते. लोकांच्या दाव्यांत खोट काढण्यात उभी हयात गेल्यामुळे ते घरातसुद्धा मुद्द्यांत बोलत. "मुद्दा पहिला, आमटी खारट आहे. मुद्दा दुसरा, कालही होती." गल्ली त्यांना तोंडावर काका म्हणे आणि पाठीमागे मुद्देसूद. त्यांच्या बायकोला मात्र तोंडावर आणि पाठीमागे एकच नाव होतं, बाई. तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत बाईंचा बालवर्ग होता. अर्धी गल्ली त्या खोलीत बुटाची नाडी बांधायला शिकली होती. काकांना गल्लीत जो काही मान होता तो बाईंचा नवरा म्हणून होता, हे काका सोडून सगळ्यांना माहीत होतं.

खोलीला लागून छोटं अंगण होतं, अंगणात घसरगुंडी होती, आणि अंगणाच्या भिंतीपलीकडे चार खांबांवर पाणीखात्याची चौकोनी टाकी उभी होती. नवी टाकी झाल्यापासून ही वापरात नव्हती. पण तिची झडप कोणी नीट बंद केली नव्हती, त्यामुळे पाणी येतच राही आणि टाकी कायम भरलेली असे. तिचा कोणालाच उपयोग नव्हता, आणि म्हणूनच ती कोणाच्याच डोळ्यांवर येत नव्हती.

एके दिवशी सकाळी मुलं आत गाणी म्हणत असताना अंगणात धाडकन आवाज झाला. काका पेन टाकून धावले. टाकीच्या तळाचा, चांगला परातीएवढा पोपडा सुटून घसरगुंडीवर पडला होता आणि घसरगुंडी मधोमध वाकली होती. गाणी संपली की मुलं तिथेच येणार होती. 

बाईंनी अंगणाचं दार लावलं, मुलांना आतल्या बाजूला घेतलं आणि गाणं पुढे चालू केलं. मुलं घरी गेल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, पोपडा पडलाय. टाकी नाही पडली."

"पोपडा म्हणजे टाकीनं पाठवलेली नोटीस आहे!"

"तुम्हाला सगळीकडे नोटीसच दिसते. माझं लग्न झालं तेव्हापासून ही टाकी आहे. ती उभी राहिलीय, मीही उभी राहिलेय."

या वाक्याचा दुसरा अर्थ काकांनी सोयीस्करपणे सोडून दिला आणि पायांत चपला सरकवल्या.

पाणीखात्यातले उपअभियंता मोठे गोड बोलणारे गृहस्थ निघाले. काकांना त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि चुकचुकले सुद्धा. मग म्हणाले, "काका, तुम्ही घरच्यासारखे वाटता म्हणून सांगतो. अर्ज देऊ नका."

"का?"

"अर्ज दिलात की तो फायलीत जातो, आणि फायलीत गेलेला अर्ज म्हणजे सासरी गेलेली मुलगी, सणावारीच दिसायची. तुम्ही पेपरात आणा. पेपरात आलं की वरून मला फोन येतो. फोन आला की मला काम करावंच लागतं. मी कात्रणावर चालतो काका. सगळं खातंच कात्रणावर चालतं."

आयुष्यात पहिल्यांदा त्या पेपराची गरज लागावी, हे काकांच्या फार जिव्हारी लागलं. पण प्रश्न बाईंचा होता. वाकलेल्या घसरगुंडीवर त्यांना सारखी एखादी छोटी वेणी दिसत होती. अडला हरी म्हणत ते वर्तमानपत्राच्या कार्यालयात गेले.

कार्यालय म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक अरुंद खोली. तिथे एक वार्ताहर बसला होता आणि त्याच्यासमोर तीन मोबाइल चार्जिंगला लावले होते. तोच बातम्या लिही, तोच जाहिराती घेई, आणि फोन वाजला की आवाज बदलून "वितरण विभाग" असंही तोच म्हणे.

"एकदा येऊन टाकी बघता का?" काकांनी विचारलं.

वार्ताहरानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी त्याला बैलगाडी जुंपायला सांगितलं होतं. "जागेवर जायचे दिवस गेले काका. आता बातमी आपल्या पायानं इथे येते. बरं, टाकी पडलीय ना?"

"पडायला आलीय."

"मग पडली की फोन करा."

"अहो, पडली तर मुलं दगावतील!"

"तेव्हा तर करावाच लागेल," वार्ताहर समजुतीच्या सुरात म्हणाला. मग काकांच्या कपाळावरची शीर पाहून त्याला काय वाटलं कोण जाणे, तो म्हणाला, "असं करा, तुम्हीच लिहून पाठवा. मी लावतो. तुमच्यासारखी शिकलेली माणसं लिहायला लागली तरच पेपराचा दर्जा सुधारेल."

हे शेवटचं वाक्य त्यानं टाकायला नको होतं. काका विरघळले. घरी येऊन त्यांनी जेवण बाजूला सारलं आणि बातमी लिहायला बसले. खांबांची स्थिती, तळाला सुटलेले पोपडे, झडपेचा दोष, संभाव्य धोका, सगळं सहा मुद्द्यांत मांडलं. विशेषणं नव्हती, आरडाओरडा नव्हता. वरच्या मजल्यावरच्या वकिलांना त्यांनी मसुदा वाचून दाखवला. वकील हे गल्लीतले कायमचे सल्लागार. मागितला नाही तरी ते सल्ला देत, आणि मागितला तर दोन देत. ते म्हणाले, "उत्तम. फक्त पुराव्याचं काय?"

"पुरावा वर उभा आहे."

"कोर्टात उभा राहील का?"

काकांनी कागदाची घडी घातली आणि बातमी पाठवून दिली. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली. बिचाऱ्यांना पुढे बरेच दिवस तशी लागायची नव्हती.

सकाळी अंक आला. काकांनी सवयीनं लाल पेन उघडलं, आणि ते उघडंच राहिलं.

"टाकी कोसळली! बालवर्गातील चिमुकले थोडक्यात बचावले," असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं. खाली मजकूर होता: "भल्या पहाटे झालेल्या प्रचंड आवाजाने परिसर हादरला. घटनास्थळी बघ्यांची एकच गर्दी झाली. नागरिकांत भीतीचे वातावरण असून प्रशासनाने तातडीने मदतकार्य सुरू केले." सोबत एका गोल टाकीचा फोटो होता. काकांच्या सहा मुद्द्यांपैकी एकच उरला होता, गल्लीचा पत्ता. तो बिनचूक होता.

काकांनी खिडकीतून पाहिलं. टाकी होती तिथेच होती. चौकोनी होती. बघ्यांपैकी तूर्त ते एकटेच होते.

मग मात्र गर्दी झाली. पहिला फोन मेहुण्याचा आला, "ताई बरी आहे ना?" दुसरा मुलीचा, ती फोनवर नुसती रडतच होती. तिसऱ्या फोनपर्यंत अग्निशमनदलाचा बंब गल्लीच्या तोंडाशी अडकला, कारण तिथे वकिलांची गाडी उभी होती. बंबातला माणूस उतरला, टाकीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "पडलेली टाकी कुठेय?"

"ही काय."

"ही तर उभी आहे."

"मुद्दा पहिला," काका म्हणाले, पण तोवर त्यानं बंब मागे घ्यायला सांगितलं होतं. जाताना तो जे पुटपुटला ते मुद्देसूद असलं तरी इथे देण्यासारखं नाही.

हे सगळं परवडलं. जे परवडलं नाही ते त्यानंतर घडलं. त्या दिवशी बालवर्गात एकही मूल आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. बाई सकाळी खोली झाडायच्या, छोट्या रंगीत खुर्च्या गोल मांडायच्या आणि दारात उभ्या राहायच्या. मुलं पलीकडच्या गल्लीतल्या नव्या वर्गात जायला लागली होती, जिथे भिंतीवर हत्ती रंगवलेले होते. जुळ्यांच्या आईनं निदान येऊन सांगितलं तरी. "बाई, तुमच्याबद्दल काही नाही हो. पण पेपरात आलंय ना."

बाई काकांवर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. रात्री ताट वाढताना एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला पेपर सुधारायचा होता. माझा वर्ग बंद झाला." आपण आपल्याच हातानं हिच्या पायावर धोंडा मारला, असं काकांना वाटलं, आणि हा मुद्दा त्यांना खोडता येईना.

ते तावातावानं वार्ताहराकडे गेले. वार्ताहर मात्र निवांत होता. त्यानं एक मोबाइल पुढे केला. "रागावू नका काका. हे बघा. आमच्याकडे तयार नमुने असतात. आग, अपघात, पडझड, चोरी, सत्कार, निधन. नाव-गाव भरायचं की बातमी तयार. तुमची टाकी मी पडझडीत बसवली."

"पण ती पडली नव्हती! पडणार होती!"

"तेच तर. होणाऱ्या गोष्टीचा नमुना नाही आमच्याकडे. सगळे झालेल्याचे आहेत." त्यानं आवाज खाली आणला. "आणि मी तुम्हाला आगीत नाही घातलं, हे बघा ना."

काका त्याच पावली पाणीखात्यात गेले. निदान कात्रण तरी हाताशी आलं होतं. उपअभियंत्यांनी त्यांना पाहताच उभं राहून हात जोडले. "काका, काम फत्ते! वरून फोन आला. तासाभरात मी अहवाल दिला."

"काय दिलात?"

"टाकी कोसळल्याची नोंद घेतली. राडारोडा उचलण्याचं काम पूर्ण. परिसर मोकळा."

"साहेब, टाकी उभी आहे!"

उपअभियंत्यांचा चेहरा पडला. त्यांनी उठून दार लोटलं. "हे बघा, असं मोठ्यांदा बोलू नका. आमच्या दफ्तरी आता त्या जागी टाकी नाही."

"मग माझ्या अंगणापलीकडे काय आहे?"

"काही असेल. पण आमचं नसेल."

"ती पाडायला हवी हो!"

"पडलेली टाकी पाडायला मंजुरी कशी मागू? वरचे विचारतील, मग राडारोडा कसला उचलला? आता एकच मार्ग आहे. पेपरात खुलासा येऊ द्या की टाकी पडलेली नाही. मग मी तिला पुन्हा दफ्तरात उभी करतो. उभी झाली की पाडतो."

काका बाहेर आले तेव्हा त्यांचं डोकं गरगरत होतं. टाकी पाडायची तर आधी ती उभी आहे हे सिद्ध करायला हवं होतं. आणि वर्गात मुलं परत यायची तरी तेच सिद्ध करायला हवं होतं. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्यांची गत झाली. गल्लीत आता त्यांना मुद्देसूदऐवजी टाकीवाले म्हणत. वाण्याच्या दुकानात कोणीतरी विचारी, "काय काका, आज कितीदा पडली?" आणि काका काड्यापेटी न घेताच परत येत.

वकिलांनी त्यांना गॅलरीतून गाठलं. "मी म्हटलं नव्हतं, पुरावा? टाकी हलतेय असं तुमचं म्हणणं. दाखवा. खांबाला तडा गेलाय ना? त्यावर कागदाची पट्टी आडवी चिकटवा. तडा वाढला तर कागद फाटेल. नाही फाटला तर तुम्हीही शांत, बाईही शांत."

वकिलांचा इतक्या वर्षांतला हा पहिला सल्ला, ज्यात अर्थ होता. काका घरात कागद शोधायला गेले तर हाताला तोच अंक लागला. काकांनी "टाकी कोसळली" या बातमीचीच पट्टी कापली, खळ लावली, आणि भिंतीला वळसा घालून पुढच्या खांबाच्या तड्यावर आडवी चिकटवली. कोसळलेल्या टाकीची बातमी अंगावर मिरवत टाकी उभी होती. काका रोज सकाळी चहाआधी जाऊन पट्टी पाहत. पट्टी शाबूत असे, फक्त कडेला जराशी ताणलेली वाटे. ती ताणलेली आहे की आपली नजर, हे त्यांना ठरवता येईना. शिवाय तळातून पाण्याची धार लागली होती. आधी ठिबकत असे, आता थांबतच नव्हती.

खुलाशासाठी त्यांनी वार्ताहराच्या जिन्याच्या पायऱ्या झिजवल्या. या वेळी ते लिहून द्यायला तयार नव्हते, समोर बसून छापून घेणार होते. "दोनच वाक्यं घ्या. टाकी पडलेली नाही. टाकी धोकादायक आहे. दोन्ही हवीत. एक गाळलंत तर मी इथून उठणार नाही."

"दोन्ही घेतो," वार्ताहर म्हणाला. त्यानं त्यांच्यासमोर दोन्ही वाक्यं टाइप केली. काकांनी चष्मा लावून वाचली. मग तो म्हणाला, "एक फोटो काढू तुमचा? खुलाशाला माणूस लागतो." काकांनी नको नको म्हणत केस सारखे केले.

सोमवारी सकाळी अंक आला.

"टाकी भक्कम! ज्येष्ठ नागरिकाचा निर्वाळा," असा मथळा होता. "टाकी पडल्याच्या अफवांत कोणतेही तथ्य नसून नागरिकांनी घाबरून जाऊ नये, बालवर्ग नियमित सुरू आहे." खाली काका हसत होते. त्यांना हसल्याचं आठवतही नव्हतं. दोन वाक्यांतलं पहिलं अफवांच्या नमुन्यात चपखल बसलं होतं. दुसऱ्याला नमुना नसावा.

बाई अंक वाचून कितीतरी दिवसांनी खुदकन हसल्या. "शेवटी केलंत हो तुम्ही. आत्ताच जुळ्यांच्या आईचा फोन आला होता. आज सगळी यायची आहेत." आणि केसांना क्लिप लावत त्या खुर्च्या मांडायला गेल्या. बायकोचं ते हसू मोडायची काकांची छाती झाली नाही. ते नेहमीसारखे पट्टी पाहायला गेले.

पट्टी मधोमध फाटली होती. "टाकी" एका बाजूला होतं आणि "कोसळली" दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या फटीत काकांचं बोट सहज गेलं. त्यांनी बोट चटकन मागे घेतलं. खांबातून बारीक वाळू गळत होती. इतकी वर्षं ते वर्तमानपत्र लाल करत आले होते, आणि आज पहिल्यांदा त्यातल्या एका तुकड्यानं त्यांना खरी बातमी दिली होती.

काका धावले. त्यांना धावताना गल्लीनं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून दोनतीन खिडक्या उघडल्या. फाटकाशी पालक जमायला लागले होते. काकांनी दोरीउड्यांची दोरी उचलली, फाटकाला करकचून गाठ मारली आणि हात पसरून उभे राहिले. "कोणी आत यायचं नाही! टाकी पडतेय!"

"काका, हे काय?" एका गृहस्थानं अंक त्यांच्या नाकासमोर धरला. "भक्कम आहे म्हणून तुमचाच फोटो आहे की."

"पेपरावर विश्वास ठेवू नका!"

"मग पेपरात देता कशाला?" मागून कोणीतरी हसलं. "सोडा हो काका, ऑफिसला उशीर होतोय. रोज काय टाकी पाडता?"

एक जण गाठ सोडायला लागला. काकांनी त्याचा हात धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुद्दा पहिला सुचेना, दुसरा सुचेना. "अहो, विचार करा जरा," ते कळवळून म्हणाले. "पेपरात पडली म्हणून आलं तेव्हा ती उभी होती की नाही? आज पेपरात उभी आहे म्हणून आलंय!"

गाठीवरचा हात थांबला. त्या पेपराची गल्लीला इतक्या वर्षांची ओळख होती, आणि हे गणित सगळ्यांना एकाच वेळी सुटलं. माणसं दोन पावलं मागे सरली. आणि त्याच क्षणी जुळ्यांची आई किंचाळली, "अहो, माझी दोघं आत आहेत! मी मघाशीच सोडली त्यांना!"

काका वळून घरात शिरले. आतल्या बाजूला बाई जुळ्यांना समोर बसवून रंगांची नावं विचारत होत्या. काकांना पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"फाटकात काय तमाशा लावलाय? आज तरी माझी मुलं येऊ द्या."

काकांनी तोंड उघडलं. एकही मुद्दा आला नाही. त्यांनी नुसता बाईंचा हात धरला आणि म्हणाले, "चल ना गं बाहेर."

बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. संसारात हा माणूस कधी एक कारण दिल्याशिवाय काही म्हणाला नव्हता. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. एक मूल कडेवर घेतलं, दुसरं काकांच्या हाती दिलं, आणि दोघं अनवाणी बाहेर पडली.

फाटकाची गाठ काकांनाच सुटेना. शेवटी मुलं वरून दिली, बाईंना दोघातिघांनी उचलून घेतलं, आणि काका फाटकावर एक तंगडी इकडे एक तिकडे अशा अवस्थेत असताना मागे कडाडकन आवाज झाला. पुढचा खांब बसला. टाकी क्षणभर विचारात पडल्यासारखी कलली आणि भिंत, अंगण, घसरगुंडी घेऊन खाली आली. मग पाणी आलं. पुढच्या खोलीच्या दारातून लोंढा बाहेर पडला आणि त्याच्याबरोबर छोट्या रंगीत खुर्च्या एकीमागून एक तरंगत फाटकापर्यंत आल्या. लाल आली, पिवळी आली, निळी आली. जुळ्यांपैकी एकानं रंगांची नावं बरोबर सांगितली.

बाई काकांचा हात सोडायला तयार नव्हत्या. "मी तुमचं ऐकलं नसतं तर..." एवढंच म्हणाल्या.

"मुद्दा तो नाही," काका म्हणाले, आणि त्यांनाही रडू आलं.

दुपारी त्यांनी उपअभियंत्यांना फोन लावला. "साहेब, टाकी पडली."

"माहीत आहे की. अहवाल दिलाय मी."

"आज पडली! राडारोडा उचलायला माणसं पाठवा."

"काका, राडारोडा उचललेला आहे," ते प्रेमळपणे म्हणाले. "दफ्तरी आहे. तुम्ही विश्रांती घ्या."

मग काकांनी वार्ताहराला फोन केला. फार अपेक्षा नव्हती. पण एवढी गल्ली साक्षीला होती, मुलं वाचली होती, फोटो वकिलांनी गॅलरीतून काढला होता. वार्ताहर म्हणाला, "काका, ती बातमी आपण छापलीय."

"तेव्हा ती पडली नव्हती!"

"हो, त्याचा खुलासाही आजच छापलाय. आता उद्या पुन्हा पडली म्हणून छापलं तर..." त्याला खरंच वाईट वाटत असावं. "लोकांचा पेपरावरचा विश्वास उडेल हो."

काकांनी फोन ठेवला. बाहेर पाहिलं तर बाईंनी वर्गातला फळा पाण्यातून काढून, पुसून फाटकाला टेकवला होता. खडू ओला होता, अक्षर नेहमीसारखं गोल होतं. त्यांनी लिहिलं होतं: "आज सकाळी टाकी पडली. कोणालाही लागलं नाही. उद्यापासून वर्ग वरच्या मजल्यावर वकिलांच्या बैठकीच्या खोलीत भरेल. येताना कोरडी चटई आणावी."

संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली येऊन ते वाचून गेली. वाणी आला, बंबातला तो माणूसही आला. वाचून झाल्यावर तो काकांना काहीतरी म्हणणार होता, पण नुसती मान हलवून गेला. खोली वर्गाला देण्याआधी आपल्याला विचारलं नव्हतं, अशी वकिलांची एक तक्रार होती, पण तीही ते हळू आवाजात करत होते.

गर्दी ओसरल्यावर काका फळ्यासमोर आले. चष्मा पुसला, खिशातून लाल पेन काढलं आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं आणि चटई शोधायला घरात गेले.